नऊ फुटी कठड्याची तक्रार

मी एक जुना कठडा आहे. नीट सांगायचं तर कठड्याचा नऊ फुटी तुकडा आहे, कारण माझे बाकीचे दोन तुकडे कुठे गेले हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. जिना चढताना तुम्ही ज्या गोल लाकडी पट्टीवर हात ठेवता ना मित्रांनो, ती पट्टी म्हणजे मी. तुम्ही हात ठेवता, वर जाता आणि मला विसरता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्या कठड्याची माणसांना आठवण येते तो एकतर तुटलेला असतो, नाहीतर जागेवर नसतो. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी आज पूर्ण सांगणार आहे. मधेच कुणी "जाऊ दे आता" असं म्हणू नका. ते मी फार ऐकलंय.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. चांगलं सागवान निवडलं, रंधा मारला, मग काचपेपरने इतकं घासलं की त्याच्या बायकोने विचारलं, "जिना करताय की पाळणा?" शेवटच्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि वरपासून खालपर्यंत माझ्यावरून तळवा फिरवला. दोन ठिकाणी थांबला, पुन्हा घासलं, पुन्हा डोळे मिटले. घरमालक घाई करत होते. सुतार त्यांना म्हणाला, "कठडा डोळ्यांनी बघायचा नसतो, शेठ. हाताने बघायचा असतो." हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना ते ठाऊक नव्हतं.

मला एका तीन मजली इमारतीच्या जिन्यावर बसवलं. पहिल्या मजल्यावर शिंपी, दुसऱ्यावर डॉक्टरांचा दवाखाना, तिसऱ्यावर शिकवणीवाल्या बाई. दवाखान्यामुळे माझ्यावर फार हात पडले. तापाने फणफणलेले, प्लास्टरातून नुकते सुटलेले, भीतीने गार पडलेले असे सगळे हात मी वर नेले आणि खाली आणले. डॉक्टर एकदा पेशंटला म्हणाले होते, "माझ्या औषधाच्या आधी तुम्हाला ह्याचा आधार मिळतो." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी चार दिवस त्याच तोऱ्यात होतो.

त्या जिन्याची झाडलोट करायला एक बाई यायच्या. सगळे त्यांना जिनेवाल्या मावशी म्हणत. सकाळी सातच्या आत पायऱ्या झाडून व्हायच्या आणि मग मावशी मला पुसायच्या. डाव्या हातात बादली, उजव्या हातात फडकं. फडकं असं पिळलेलं की थेंब गळायचा नाही, पण गारवा माझ्या अंगभर लागायचा. वरून सुरुवात, खाली शेवट, आणि प्रत्येक वळणावर बादली टेकल्याचा आवाज. सत्तावीस वर्षं. एवढ्या वर्षांत शिंप्याची दोन मुलं लग्न होऊन गेली, डॉक्टरांचे केस गेले, पण मावशींची सकाळ कधी चुकली नाही. माझ्यावर आज जी झळाळी दिसते ती सुताराने दिलेली नाही. सुताराची झळाळी पाच वर्षांत उडाली होती. ही मावशींची आहे.

मावशींबरोबर त्यांची मुलगी यायची. ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि आईची पाठ फिरली की माझ्यावरून घसरत खाली यायची. म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. शिकवणीवाल्या बाईंनी तिला चित्रं काढताना पाहिलं आणि वर बोलावून शिकवलं. खारूताई शाळा संपवून कलेच्या महाविद्यालयात गेली, तिथून पदव्युत्तर वर्गात गेली. तिथे ती म्हणे संगणक, आवाज आणि प्रकाश जोडून अशी मांडणशिल्पं करायला शिकत होती, जी माणसाने हात लावला की जागी होतात. मावशी शिंप्याला सांगायच्या, "काय करते ते मला विचारू नका भाऊ, पण वायरी फार असतात."

मग इमारत पाडायची ठरली. निरोपाचा कार्यक्रम झाला. घरमालकांच्या मुलाने सगळ्यांचे आभार मानले. इमारत बांधणाऱ्यांचे, भाडेकरूंचे, पाण्याच्या पंपवाल्याचेसुद्धा. पंपवाल्याचे! तो वर्षातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा पंप बिघडवून जायचा. मावशी त्या वेळी ट्रे घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या. त्यांच्या ट्रेमधला पेला उचलून, एक घोट घेऊन तो मुलगा पुढे बोलत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत आणि मस्तकही नाही. मी फक्त होतो तिथे उभा राहिलो.

शेवटच्या महिन्यात खारूताई रोज येऊन जिन्यावर बसली. हातात आवाज टिपायचं यंत्र होतं. डॉक्टरांच्या बुटांची करकर, शिंप्याच्या चपलेची फटफट, शिकवणीच्या पोरांची धावपळ असं सगळं तिने टिपलं. नंतर पाडकामवाले आले. त्यांनी मला करवतीने दोन ठिकाणी कापलं. खारूताई धावत आली आणि मुकादमाला म्हणाली, "काका, हा मला द्या ना." मुकादम म्हणाला, "जळणाला हवाय का? घेऊन जा, पण आत्ताच्या आत्ता." तेवढ्यात वरचा आणि खालचा तुकडा टेम्पोत पडला होता. मधला, नऊ फुटांचा, तिच्या खांद्यावर गेला. जळण! सत्तावीस वर्षांची झळाळी अंगावर असताना मला जळण म्हणाला.

महाविद्यालयातली तिची खोली लहान होती. भिंतीशी लांब टेबल, त्यावर कात्र्या, पक्कडी, चिकटपट्ट्यांची भेंडोळी, आणि वायरी जोडायला डाख लावताना निघणाऱ्या धुराचा वास. तिने मला दोन लोखंडी पायांवर तिरपं बसवलं, जिन्यावर होतो तसंच. मग माझ्या पोटात खाच पाडली. मला न विचारता! दुखलं की नाही ते सोडा, पण विचारायचं तरी. त्या खाचेत तिने तांब्याच्या बारा पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीला एक वायर जोडली. त्या वायरी एका छोट्या संगणकाकडे गेल्या. कुणी माझ्यावर हात ठेवला की बोटं खालून वळून पट्टीला लागणार, मग त्या जागेची पावलं वाजणार आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पावलांच्या सावल्या चढू लागणार. हात पुढे सरकला की सावल्याही पुढे सरकणार. पहिल्यांदा डॉक्टरांचे बूट वाजले तेव्हा मी माझी खाच विसरलो. मला वाटलं, जिना परत आला.

आता मी ज्या चुकीबद्दल सांगणार आहे ती चूक असलं काम करणारी माणसंच करू शकतात. हात किती लागला म्हणजे आवाज सुरू करायचा, ही हद्द संगणकाला ठरवून द्यावी लागते. खारूताईने त्यासाठी महाविद्यालयातले त्रेचाळीस हात माझ्यावर ठेवले. वर्गातल्या मित्रमैत्रिणींचे, वाचनालयातल्या बाईंचे, शिकवणाऱ्या सरांचे. वहीत प्रत्येक हाताचा आकडा लिहिला. सगळे हात मऊ, किंचित दमट, कुणाकुणाला मलमाचा सुगंध. त्या त्रेचाळीस हातांवरून तिने हद्द ठरवली. आईचा हात? तो नाही. आईला प्रदर्शनाच्या दिवशी एकदम दाखवायचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बरं, तिला माहीत नव्हतं असंही नाही. मावशी आता एका ऑफिसात काम करतात, तिथे हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, आणि ते यंत्र मावशींचा अंगठा घेतच नाही. साबण, सोडा आणि फरशीच्या औषधांनी अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्यात. रोज पहारेकरी त्यांची हजेरी वहीत लिहितो. खारूताई ह्या गोष्टीवर घरी हसली होती. हे तिनेच मैत्रिणीला खोलीत बसून सांगितलं, माझ्यासमोर.

तिचे मार्गदर्शक सर अधूनमधून यायचे. डोक्यावर चष्मा, हातात कॉफीचा कागदी पेला, आणि तो ठेवायला त्यांना नेमका मीच सापडायचा. ते म्हणाले, "विषय ताकदीचा आहे. फक्त वैयक्तिक होऊ देऊ नकोस." म्हणून खारूताईने भिंतीवर लावायच्या मजकुरातून आई काढली आणि "एका सफाई कामगार स्त्रीच्या अदृश्य श्रमांचा परस्परसंवादी शोध" असं काहीतरी लिहिलं. सरांना ते फार आवडलं. अदृश्य? मला तर मावशी रोज सकाळी सातला दिसत होत्या. त्या कुणाला दिसत नव्हत्या ते भिंतीवर लिहायला हवं होतं.

प्रदर्शन सुरू झालं. उंच दालन, गुळगुळीत फरशी, गारेगार हवा. दालनाच्या व्यवस्थापक बाई आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर दोन पितळी खांब ठेवून लाल दोरी बांधली. दोरीला पाटी होती, "कृपया स्पर्श करू नये".

खारूताई म्हणाली, "मॅडम, ह्याला हात लावायचाच आहे. हात लावला नाही तर काहीच होणार नाही."

"सगळ्या कलाकृतींना एकच नियम आहे," बाई म्हणाल्या. "एकाला सूट दिली की सगळे मागतात."

"पण हा कठडा आहे हो!"

"आत्ता ती कलाकृती आहे," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दालनात दोरी बांधायला गेल्या.

दिवसभर माणसं आली. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून माझ्याकडे बघत उभी राहिली. भिंत पांढरी ती पांढरीच. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "शांततेवर असावं हे." दोघं समाधानाने पुढे गेली. हात लावण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूला हात लावू नका म्हणायचं, आणि ती गप्प राहिली की तिच्या शांततेचं कौतुक करायचं! सुतार असता तर त्याने ती दोरी करवतीने कापली असती.

दुपारी चार वाजता मावशी आल्या. ऑफिसातून थेट, हातात कापडी पिशवी. मला बघून दारातच थबकल्या. मग सरळ चालत आल्या आणि दोरीचा आकडा काढून बाजूला ठेवला, जिन्यावर कुणी सायकल लावली की ती बाजूला करायच्या तसंच.

"दोरी कशाला? जिना बंद आहे का?" त्यांनी विचारलं.

खारूताईच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाही आई. तुझ्यासाठीच उघडा आहे. हात ठेव ना."

मावशींनी हात पदराला पुसला. घट्ट पुसून कोरडा केला, कारण चांगल्या ठिकाणी आलो आहोत असं त्यांना वाटत होतं. आणि माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, मी तो हात ओळखला. पहिल्या क्षणाला ओळखला. पण माझं तोंड आता माझं नव्हतं, ते त्या संगणकाच्या ताब्यात होतं. काहीच वाजलं नाही. भिंतीवर एक सावलीही आली नाही. मावशींनी हात पुढे सरकवला, मागे आणला, जरा दाबला. काही नाही. खारूताईने घाईघाईने स्वतःचा हात ठेवला आणि डॉक्टरांचे बूट खणखणीत वाजले. मागे उभ्या असलेल्या सरांनी ठेवला, शिकवणीची पोरं धावली. मावशींनी पुन्हा ठेवला. पुन्हा सगळं चिडीचूप.

"त्या हजेरीच्या यंत्राचा भाऊच दिसतोय हा," मावशी हसून म्हणाल्या. "असू दे गं. छान केलंयस. लाकूड किती छान राहिलंय."

त्या हसल्या ह्याचाच मला जास्त राग आला. रडल्या असत्या, ओरडल्या असत्या, मला एक फटका दिला असता तरी चाललं असतं. त्यांच्या कामावर मोठा मजकूर भिंतीवर लावलेला, आणि त्यांचा एक हात तेवढा मला कळत नव्हता. त्यांनी तो मजकूर बोट लावत वाचला आणि विचारलं, "ह्यात मी कुठाय?" सर फोनवर बोलायला बाहेर गेले.

बाहेरचे परीक्षक परवा येणार होते. खारूताई पदव्युत्तर परीक्षा पास होणार की तिचं वर्ष वाया जाणार हे त्यांच्या हातात होतं. सरांनी तिला बजावलं, "आता कशालाही हात लावू नकोस. परीक्षकांच्या हाताला ते नक्की चालेल. दोन दिवसांवर आलंय, बिघडलं तर काय दाखवशील?"

खारूताई खाली मान घालून उभी होती. मी मनात म्हटलं, बघू या हिला काय कळतंय ते. ती म्हणाली, "सर, माझ्या आईच्या हाताला जे चालत नाही ते आधीच बिघडलेलं आहे." तो पहिला क्षण, जेव्हा मला तिचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला सुट्टी होती. सकाळपासून तिने दालनात बसून हद्द खाली खाली आणली. इतकी खाली आणली की मी कुणी हात न लावताच बडबडू लागलो. गार हवेचं यंत्र सुरू झालं की दवाखान्याचे पेशंट चढायचे, कुणी शेजारून गेलं की शिंपी उतरायचा. वर नेली की मावशींचा हात पुन्हा मुका. मावशी सुट्टी घेऊन आल्या होत्या. स्टुलावर बसून, हात माझ्यावर ठेवून, "आता?" "आता?" असं विचारत होत्या. तीन तास गेले. खारूताईने डोकं टेबलावर टेकलं.

मावशींना रिकामं बसवत नाही. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "केवढे डाग पाडलेत ह्याच्यावर. कॉफी कुणी सांडली?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, बाहेरच्या नळावर भिजवलं आणि पिळलं.

"आई, पाणी नको! वायरी आहेत!" खारूताई ओरडली.

"मी कधी पाणी गळू दिलंय? सत्तावीस वर्षांत एक थेंब पायरीवर पडला का, विचार ह्याला."

मी साक्षीला तयारच होतो. मावशींनी फडकं माझ्या वरच्या टोकाला ठेवलं, बोटं खालून वळवली आणि पुसायला सुरुवात केली. शिकवणीची पोरं धावली. फडकं खाली सरकलं, डॉक्टरांचे बूट करकरले. आणखी खाली, शिंप्याची चप्पल. भिंतीवर सावल्या एकापाठोपाठ एक पायऱ्या उतरू लागल्या. कोरड्या हाताचं जे तांब्यापर्यंत पोचत नव्हतं ते ओल्या फडक्यातून सहज पोचलं. त्यांचा हात मी ओळखला खरा, पण तो कोरडा मला कधी लागलाच नव्हता. आमच्या दोघांच्या मधे सत्तावीस वर्षं हे फडकंच होतं. त्रेचाळीस हात मोजणाऱ्या मुलीच्या हे ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

मावशी खालच्या टोकाला पोचल्या आणि थांबल्या. कान देऊन ऐकलं. "सगळे आहेत की. डॉक्टर आहेत, मास्तरीणबाईंची पोरं आहेत. माझी बादली कुठाय?"

खारूताईने संगणकाकडे बघितलं. मग म्हणाली, "ती मी काढून टाकली, आई. आवाज साफ करताना. प्रत्येकाच्या मधे मधे यायची."

"मधे मधेच यायची," मावशी म्हणाल्या. "मधे आली नाही तर पुसणार कोण?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. राग मला आला. सगळी इमारत टिपायची, तिच्यातून आईच्या बादलीचा आवाज तेवढा कचरा म्हणून काढायचा आणि त्यावर अदृश्य श्रमांची पाटी लावायची! पण खारूताई आता रडत होती, आणि रडणाऱ्या मुलीवर ओरडावं असा माझा स्वभाव नाही. तिने डोळे पुसले, जुने मूळ आवाज शोधून काढले आणि बादली जिथे होती तिथे परत ठेवली. भिंतीवरचा मजकूर फाडला. पितळी खांब उचलून दाराबाहेर नेऊन ठेवले. माझ्या वरच्या टोकाशी एक बादली आणि एक फडकं ठेवलं आणि कागदावर हाताने लिहिलं, "पुसा."

दुसऱ्या दिवशी दोन परीक्षक आले. एक उंच गृहस्थ, अंगात कोट, आणि एक शिल्पकार बाई. बादलीशी मावशी उभ्या होत्या. व्यवस्थापक बाई खांब शोधत आल्या, परीक्षकांना बघून आल्या पावली परत गेल्या.

"ह्या कोण?" कोटवाल्यांनी विचारलं.

"ही माझी आई," खारूताई म्हणाली. "जिना हिचा आहे."

"आणि आम्ही काय करायचं?"

"पुसायचं."

"मी?" त्यांनी बादलीकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी चष्मा काढून तो पुसायला सुरुवात केली. कोटवाले म्हणाले, "प्रेक्षकाकडून काम करून घेणं ही कला आहे का, हा माझा प्रश्न आहे." असं म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले. त्यांच्यासाठी भिंत पांढरी राहिली.

शिल्पकार बाईंनी बाह्या सरसावल्या, फडकं बादलीत बुडवलं आणि तसंच गळतं माझ्यावर ठेवलं. झालं! पाणी एका पट्टीवरून दुसरीवर ओघळलं आणि बाराच्या बारा पट्ट्या एकदम ओरडल्या. डॉक्टर, शिंपी, पोरं, बादली, सगळा गोंधळ. भिंतीवर पावलांची चेंगराचेंगरी.

"पिळा, पिळा," मावशी पुढे झाल्या. "आधी पिळायचं असतं, ताई. असं नाही, मनगटातून."

त्यांनी मला कोरडं केलं, बाईंना पिळायला शिकवलं. दुसऱ्यांदा बाईंनी फडकं वरून खाली आणलं. पोरं धावली, वळणावर बादली टेकली. डॉक्टर उतरले, वळणावर बादली टेकली. खाली पोचल्यावर त्या सावलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज असं? तिन्ही मजले?"

"रोज," मावशी म्हणाल्या. "रविवारी फक्त पायऱ्या."

खारूताई पास झाली. गुण बेताचेच मिळाले. कोटवाल्यांनी अभिप्रायात लिहिलं की बादलीचं प्रयोजन स्पष्ट होत नाही. मी पुन्हा सांगतो, मित्रांनो, त्यांनी बादलीचं प्रयोजन स्पष्ट होत नाही असं लिहिलं. त्यांच्या घरी फरशी आपोआप पुसली जात असावी.

प्रदर्शन संपल्यावर विभागाने मला काचेच्या पेटीत ठेवायचं ठरवलं. सर म्हणाले, हा सन्मान आहे. खारूताई म्हणाली, "नको सर. आमच्या घरच्या जिन्याला कठडा नाहीये." आणि तिने मला पुन्हा खांद्यावर घेतलं. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. अरुंद, उभा जिना, एका बाजूला नुसती भिंत. खारूताईने स्वतः भोकं पाडून मला त्या भिंतीला बसवलं. पट्ट्या अजून माझ्या पोटात आहेत, पण वायरी काढल्या आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी मावशी कामावरून आल्या. एका हातात पिशवी होती, दुसरा हात रिकामा होता. हल्ली त्यांचा गुडघा दुखतो. दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या, आणि हात माझ्यावर टाकला. फडकं नाही, काही नाही. कोरडा, खरबरीत, जड हात. सत्तावीस वर्षं ह्या बाईने मला दुसऱ्यांनी धरावं म्हणून पुसलं होतं आणि स्वतः एकदाही धरलं नव्हतं, कारण तिचे दोन्ही हात कामात असायचे. काही वाजलं नाही. कुठे सावली पडली नाही. त्यांनी अंगाचा सगळा भार माझ्यावर दिला आणि मी तो वरपर्यंत नेला.

माझी तक्रार संपली असं समजू नका. उद्या तुम्ही कुठलाही जिना चढाल आणि कठडा हाताला स्वच्छ लागेल. तेव्हा क्षणभर थांबून विचारा की आज हा कुणी पुसला. आणि ज्या बाईने तो पुसला ती जिना चढताना दिसली, तर तिच्या हातातली बादली आधी आपल्या हातात घ्या. तिचा एक हात मोकळा झाला पाहिजे. तो मोकळा झाल्याशिवाय ती कठडा धरणार तरी कशी?